नखाएवढं हिरवं

शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर जे रबरी हातमोजे घालतात, त्यांना कुठे भोक नाही ना, हे आधी कुणीतरी पाहिलेलं असतं. ही हकीकत ज्यांची, त्या बाईंनी नोकरीची सगळी वर्षं तेच पाहिलं. कारखान्याच्या तपासणी खात्यात खिडकीजवळच्या टेबलाशी त्या बसत. समोर हवेची नळी. मोजा नळीच्या तोंडावर चढवायचा, पायाखालची पट्टी दाबायची, मोजा फुगून पाच बोटांचा भोपळा झाला की गालाजवळून फिरवायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागे. पुढे यंत्रं आली. पण यंत्राने पास केलेल्या मोज्यांतलेही काही बाईंचा गाल नापास करी, त्यामुळे यंत्र आणि बाई दोघांनाही ठेवून घेण्यात आलं. ऑफिसातला एक वाचनवेडा कारकून त्यांना ‘छिद्रान्वेषी’ म्हणायचा. शब्दकोशात तो वाईट शब्द आहे. बाईंच्या बाबतीत तो हुद्दा होता.

दुसरी एक तपासणी पाण्याची असे. प्रत्येक खोक्यातून थोडे मोजे काढायचे, तेही एकाच जागचे नाहीत, वरचा, तळातला, मधला, कोपऱ्यातला. आणि पाणी भरून टांगून ठेवायचे. ठिबकले तर खोकं परत, नाही ठिबकले तर खोकं पुढे. टांगलेले मोजे मात्र दोन्ही प्रकारांत कचऱ्यात जात, कारण एकदा ताणलेला माल गिऱ्हाइकाला देत नाहीत. याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. खोक्यात बाकीचे पुष्कळ होते.

घरात मात्र सगळं एकेकच होतं. एक नवरा, एक मुलगी, एक जिना, मागच्या अंगणात एक चाफा. निवृत्तीनंतर हे बाईंच्या हळूहळू लक्षात येत गेलं, आणि लक्षात आल्यापासून त्यांची झोप उडाली. त्यातच नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं.

नवरा शहर बससेवेत ड्रायव्हर होता. गल्लीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि तो ‘साहेब’ त्यांना शोभे, कारण त्यांना कधीच कसली घाई नसे. मागून कितीही हॉर्न वाजोत, सिग्नल हिरवा झाल्याशिवाय जाता येत नाही, ही गोष्ट त्यांना नोकरीत पटली होती आणि ती त्यांनी बाकीच्या आयुष्यालाही लावून टाकली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तेच सगळ्यांना धीर देत होते. बाईंनी मात्र सर्जनना गाठलं.

“मोजे कुठल्या कंपनीचे वापरता?”

“चांगल्या कंपनीचे.”

“लॉट तपासलेला असतो ना?”

सर्जनना हा विनोद वाटला. ते मनापासून हसले. एवढ्या मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी हा माणूस हसतो, हेच बाईंना पसंत पडलं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. छातीवर मधोमध वरून खालपर्यंत शिवण घेऊन साहेब घरी आले. रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून वरच्या खोलीत नेलं, कारण तिथे उजेड होता, हवा होती आणि भेटायला येणाऱ्यांचं चढून यायचं मन होत नसे. निघताना डॉक्टर म्हणाले होते, “जिना हळूहळू चालू करा.” बाईंनी त्यातलं ‘हळूहळू’ तेवढं घरी आणलं. साहेबांची खाट मागच्या खिडकीपाशी लागली आणि जिना बंद झाला.

मग तपासणी सुरू झाली. सकाळी डोळे उघडायच्या आत नाकाखाली बोट. चहाबरोबर नाडी, चहानंतर पुन्हा नाडी, कारण चहाने फरक पडतो. दुपारी साहेबांना डुलकी लागली की बाई वाकून आपला तोच तयार गाल त्यांच्या नाकाशी नेत. वारा लागला की पास. साहेब दचकून जागे होत.

“काय झालं?”

“काही नाही. झोपा.”

“झोपलोच होतो.”

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने बोटाला लावायचा एक चिमटा पाठवून दिला, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा. बाईंनी आधी तो स्वतःच्या दहाही बोटांना लावून चिमट्याचीच परीक्षा घेतली. प्रत्येक बोट थोडं वेगळं सांगत होतं. झालं, तेव्हापासून साहेबांची दहाही बोटं रोज तपासणीला लागली. एकदा तर शेवटच्या करंगळीपर्यंत येईतो पहिला अंगठा जुना झाला म्हणून बाईंनी पुन्हा सुरुवात केली.

आयुष्यात क्वचित आवाज चढवणारे साहेब त्या दिवशी म्हणाले, “अगं, मी काय मोज्यांचं खोकं आहे? जरा खाली जा. अंगणात जा. त्या चाफ्याकडे बघ. तोही बिचारा उघडाबोडका उभा आहे, त्याला कुणी विचारत नाही.”

बाई बाजूला व्हाव्यात, एवढ्यासाठीच ते बोललं गेलं होतं. बाईंनी ते ऐकलं आणि खरोखर खाली गेल्या.

चाफा साहेबांचाच. ऐन उमेदीच्या काळात, शहराच्या शेवटच्या थांब्यावर कुणीतरी छाटून टाकलेली एक फांदी त्यांनी उचलली होती आणि काच पुसायच्या फडक्यात गुंडाळून इंजिनाच्या झाकणावर ठेवून डेपोत आणि तिथून सवडीने घरी आणली होती. भिंतीपासून हातभर अंतरावर ती खोचली. तिचं झाड झालं: जाड, राखाडी, कोपरात वाकलेल्या हातांसारख्या फांद्यांचं. पांढरी, पोटात पिवळी फुलं सकाळी अंगणभर पडलेली असत आणि बाई ती झाडून कामावर जात. थंडीत तो दरवर्षी सगळी पानं टाकून नुसता खराटा होई. पण बाई दरवर्षी त्या वेळी मोज्यांकडे बघत असल्यामुळे हे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. यंदा पाहिलं. एकही पान नाही, फांद्यांची टोकं बोथट, सालीवर सुरकुत्या. ज्याला जिवंत म्हणावं असं त्यात काही दिसेना.

त्याच संध्याकाळी साहेब फोनवर मुलीला सांगत होते, “मी मजेत आहे गं. मी आणि चाफा, दोघं रजेवर आहोत. तो कामावर हजर झाला की मीही होतो.” पलीकडे मुलगी हसली. दाराशी औषध घेऊन उभ्या असलेल्या बाईंच्या हातातला पेला मात्र हिंदकळला. त्यांचा शकुनांवर विश्वास नव्हता. पण हा माणूस दिवसभर या खिडकीत बसतो आणि या खिडकीतून तेवढं एकच झाड दिसतं, यात शकुनाचा प्रश्नच नव्हता. उद्या ते वठलं तर त्याच्या डोळ्यांसमोर वठणार होतं. आणि मग तो काय धरून बसेल, हे त्याने आत्ताच हसत हसत सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई शेजारच्या शिंपिणीकडे गेल्या. तिच्या तोंडात कायम टाचण्या असत, त्यामुळे ती मोजकं बोले.

“झाड जिवंत आहे की नाही, कसं ओळखायचं?”

“नखाने खरवडायचं. आत हिरवं निघालं तर आहे. नाही तर सरपण.”

बाईंनी येऊन बुंध्याची साल नखाने खरवडली. राखाडी पापुद्र्याखाली हिरवं निघालं, अगदी नखाएवढं, आणि त्यातून दुधाचा एक थेंब आला. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या दिवशी साहेबांची पाचच बोटं तपासली.

हे बरं वाटणं दुपारच्या चहापर्यंत टिकलं. मग त्यांच्या मनात आलं, की तो झाला बुंधा. फांद्यांचं काय? एका जागेवरून माल पास करत नाहीत, हे त्यांनी नव्या मुलींना जन्मभर शिकवलं होतं. त्या पुन्हा खाली गेल्या. एक वरची फांदी, एक खालची, एक मधली, एक भिंतीकडची. सगळीकडे हिरवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण कालचं हिरवं हे कालचं होतं. तेही नव्या जागी, कारण खरवडलेल्या जागेला पुन्हा खरवडणं म्हणजे एकदा ताणलेला मोजा पुन्हा टांगण्यासारखं. शिवाय झाड अशक्त दिसतंय म्हणून रोज थोडं पाणी. नख हळूहळू झिजलं, बोटाला दुधाने खाज सुटली, आणि वरच्या खोलीत कमालीची शांतता पसरली. साहेबांची दुपारची झोप आता अखंड होऊ लागली. नाडी बघायला गेलेल्या बाई म्हणत, “रंग सुधारलाय तुमचा.” साहेब म्हणत, “हो, बरं वाटतंय खरं.”

मग हवा बिघडली. आभाळ उतरून छपरांवर बसलं, मधूनमधून भुरभुर, अंगणाची फरशी वाळेना. अशाच एका सकाळी बाईंनी मधल्या फांदीवर बोट ठेवलं आणि बोट आत गेलं. साल तिथे काळपट होती आणि खाली उकडलेल्या बटाट्यासारखं काहीतरी होतं. बाई दुसऱ्या डागाकडे गेल्या, तिसऱ्याकडे गेल्या. काळं सगळीकडे होतं असं नाही. पण जिथे जिथे होतं, तिथे तिथे त्यांच्या नखाची खूण होती.

कारखान्यात याला ‘तपासणीतलं नुकसान’ म्हणत आणि ते आधीच गृहीत धरलेलं असे. अंगणात उभ्या राहून बाईंनी खिडकीकडे पाहिलं. साहेब डोळे मिटून बसले होते. बाई आत गेल्या, कपाटातली सर्वांत मोठी डबलबेडची चादर काढली, नळाखाली ओली केली, आणि झाड व खिडकी यांच्या मधोमध दोरीवर वाळत घातली.

त्याच पायाने त्या चौकातल्या रोपवाल्याकडे गेल्या. रोपवाला बोलका होता, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे पिशवीत बांधून तयार असे.

“चाफा? चाफा मरत नाही हो. उलटा लावला तरी येतो.”

“मऊ पडलाय.”

“मग मेला असेल.” त्याने पांढऱ्या भुकटीची पुडी काढली. “ही लावा. आणि रोज पाणी देताय का? नका देऊ. म्हणजे द्या, पण नका देऊ.” मग मागून जाड पानांची एक कुंडी पुढे सरकवली. “हे घेऊन जा. हे तुमच्याकडूनही मरायचं नाही.”

बाईंनी फक्त पुडी घेतली. टोमणा बरोबरच्या पिशवीत आपोआप आला.

भुकटीने काळं थांबलं नाही, नुसतं पांढरं दिसू लागलं. रोज सकाळी डाग बोटभर पुढे सरकलेला असे, फांदीतून खांद्याकडे, खांद्यातून बुंध्याकडे. बाई रोज सकाळी ती चादर पुन्हा ओली करून घालत. वरच्या खोलीत वेगळीच परीक्षा चाले.

“ती चादर अजून वाळली नाही?”

“जाड आहे.”

“मग पुढच्या दोरीवर घाल. तिकडे ऊन येतं.”

“कुठे आहे ऊन? आणि तुम्हाला काय करायचंय चादरीशी? डाळीचं पाणी संपवा.”

साहेब डाळीचं पाणी संपवत. बाई जिन्यात येऊन कठड्याला धरून उभ्या राहत. त्यांच्या स्वतःच्या छातीत त्या दिवसांत असं काही धडधडे, की तो चिमटा त्यांनी एकदा गुपचूप आपल्याच बोटाला लावून पाहिला. आकडा उत्तम होता. चिमटा बिघडला असावा, असं त्यांना वाटलं.

काळं बुंध्याला पोचलं त्या दिवशी बाईंनी हत्यारांच्या पेटीतून करवत काढली. कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे कुणी सांगायची गरज उरली नव्हती. पण कापलं की वरचं झाड जाणार, आणि एवढं झाड झाकेल अशी चादर कुठल्याच घरात नसते. त्यांनी करवत फांदीला लावली. ती ओल्या सालीवरून घसरली.

“आधी चादर काढ,” वरून आवाज आला.

“का?”

“आडवी येते.”

“कशाला आडवी येते?”

“मला बघायला. करवत घेऊन कुठे कापणार आहेस ते.”

बाईंनी करवत खाली ठेवली, चादर काढून घडी केली, ओल्या चादरीची घडी कधी होत नाही तरी केली, आणि जिना चढून वर गेल्या. साहेब खिडकीत तसेच बसले होते.

“कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्यापासून. या खिडकीत बसून दुसरं काय बघणार मी? तू नख लावायचीस, मग बोटाचा वास घ्यायचीस, मग वर बघायचीस. तू वर बघितलंस की मी डोळे मिटायचो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू तिकडे असलीस की इकडे शांत असायचं.”

बाईंनी खिडकीबाहेर झाडाकडे पाहिलं.

“म्हटलं, झाड आहे, सोसेल. माझ्यापेक्षा बरं सोसतंय. मग ते काळं दिसायला लागलं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू परत वर आली असतीस. सगळी बोटं घेऊन.”

आपल्याला चुकवण्यासाठी नवऱ्याने एक आख्खं झाड खर्ची घातलं, हे कळल्यावर बायकोने काय करावं, याची काही रीत ठरलेली नाही. बाई खाटेच्या कडेवर बसल्या. सवयीने त्यांचा हात साहेबांच्या मनगटाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

“घे,” साहेब म्हणाले. “आज घे.”

नाडी जोरात चालली होती. हात गार पडला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात तो हात असा गार बाईंना कधी लागला नव्हता.

“घाबरलात?”

“ते फोनवर मी उगाच बोललो,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. “रजा, हजेरी वगैरे. गंमत म्हणून बोललो. आता तेच डोक्यात बसलंय. उतरत नाही.”

म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं म्हणून चादर धरली होती, तो चादरीच्या पलीकडे बसून तेच कुरतडत होता. बाईंना वाटलं, रडू आलं तर बरं होईल. पण त्यांना आठवलं ते एवढंच, की करवत खाली भिजते आहे.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. एक खाली, एक वर. बाई कापत, फांदीचा काप वर धरून दाखवत, आणि साहेब डोकं हलवत. कापाच्या मध्यात तपकिरी ठिपका दिसला की आणखी खाली. तिथेही दिसला की आणखी. आयुष्यभर कंडक्टरच्या इशाऱ्यावर मोठी बस मागे घेतलेल्या माणसाला आता स्वतः इशारे द्यायची पाळी आली होती आणि तो ती नीट पार पाडत होता.

“अजून खाली. अजून. येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे.”

“आता जमीन लागेल.”

“मग लागू दे.”

जमीन लागली. बुंधा तळापर्यंत काळा होता. अंगणात फांद्यांचा ढीग पडला आणि खिडकीसमोर भिंत तेवढी उरली. बाईंनी ढिगातली एकेक फांदी तोडून पाहिली. सगळ्यांच्या पोटात कमीजास्त तपकिरी होतं. शेवटी भिंतीकडच्या बाजूची एक फांदी निघाली, कोपरापासून बोटांपर्यंत असावी एवढी. तिचा काप पांढराशुभ्र होता आणि त्यातून दूध नुसतं वाहत होतं. भिंत आणि झाड यांच्यामधल्या फटीत बाईंचा हात नीट पोचत नसे, म्हणून तिच्या या भागावर एकही नख उमटलं नव्हतं.

अशी फांदी लगेच लावत नाहीत. काप वाळून त्यावर खपली धरेपर्यंत ती सावलीत कोरडी पडू द्यायची. ओली लावली की तिथूनच कुजते. हे साहेबांना ठाऊक होतं, कारण त्यांची पहिली फांदी आळसामुळे अशीच आठवडाभर बसच्या डेपोत पडून राहिली होती आणि म्हणूनच जगली होती. तेव्हा त्यांनी फांदी वर मागवली.

“इथे, माझ्या कपाटावर ठेव. तू हात लावायचा नाही.”

“आणि तुम्ही?”

“माझा हात पोचत नाही.”

तेव्हा फांदी कपाटावर, साहेब खाटेवर आणि बाई दाराशी, असे काही दिवस गेले. त्या दिवसांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. तिघांपैकी कुणीच काही केलं नाही. बाई खोलीत आल्या की त्यांची नजर आधी कपाटावर जाई आणि मग खाटेवर. फांदी सुरकुतत चालली होती. सुरकुतणं हे वाळण्याचं लक्षण की मरण्याचं, हे बाहेरून सांगता येत नव्हतं आणि आतून बघायची बंदी होती. एकदा तर बाई स्टुलावर चढल्याच. साहेब झोपेत असावेत अशा आवाजात म्हणाले, “धूळ पुसायची असली तर कपाटाच्या पुढची पुस.” बाईंनी पुढची धूळ पुसली.

खपली धरल्यावर फांदी वाळू मिसळलेल्या मातीत, एका जुन्या डब्यात लावली गेली. पाणी नाही. काठीचा आधार, सुतळीची गाठ. डबा अंगणात, खिडकीतून दिसेल असा. आभाळ उघडलं, उन्हं तापायला लागली, आणि एका सकाळी फांदीच्या बोथट टोकातून चिमटीएवढं हिरवं टोक वर आलेलं दिसलं. शिंपिणीने कुंपणावरून बघून तोंडातल्या टाचण्या काढल्या, जे ती सहसा करत नसे, आणि म्हणाली, “लागलं की.”

बाई धावत रोपवाल्याकडे गेल्या, खात्री करून घ्यायला. ही चूक होती.

“पान काय, कुणीही दाखवतं,” रोपवाला म्हणाला. “फांदीच्या पोटातला साठा असतो, त्यावर पान येतं. मुळं नसतील तर महिन्याभरात मान टाकते. पुष्कळदा बघितलंय.”

“मुळं आहेत की नाहीत, कसं कळणार?”

“उपटून.”

“आणि नसतील तर?”

“तर नसतील. असतील तर उपटल्यावर तुटतील. ते कुंडीतलं मात्र अजून शिल्लक आहे बरं का, जाड पानाचं.”

घरी येऊन बाईंनी हे जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. आता लपवाछपवी नव्हती, त्यामुळे काळजी दोघांच्या वाट्याला सारखी येत होती, आणि सारखी वाटल्यामुळे ती निम्मी होते हा समज खोटा ठरत होता. पान मोठं होऊ लागलं. शेजारी दुसरं आलं. बाई डब्यापाशी जाऊन हात मागे बांधून उभ्या राहत, एखाद्या मंत्र्यासारख्या. हात मागे नसले तर ते कुठे जातील याचा त्यांना भरवसा नव्हता. वरून साहेब बघत. “दुसरं पान वाकडं दिसतंय,” ते म्हणत. किंवा, “सकाळपेक्षा आत्ता जरा मलूल आहे का?” जन्मात कधी हॉर्नला न बधलेला माणूस आता दर तासाला खिडकीतून असं काहीतरी विचारू लागला. बाईंना ते ऐकून स्वतःचाच आवाज कुणीतरी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवल्यासारखं वाटे.

एका दुपारी बाई औषधं आणायला गेल्या. औषधांच्या दुकानात गर्दी होती. परत येऊन त्या पिशवीसकट वर गेल्या. खाट रिकामी होती.

न्हाणीघराचं दार उघडं. आत कुणी नाही. बाईंनी हाक मारली आणि त्या हाकेचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. मग त्या खिडकीशी गेल्या, आणि खाली अंगणात, डब्याशेजारी, घरातला सदरा घातलेली पाठ दिसली. साहेब वाकले होते. एक हात गुडघ्यावर होता आणि दुसरा फांदीवर.

बाई जिना कशा उतरल्या ते त्यांना सांगता येणार नाही. अंगणात पोचल्या तेव्हा साहेब कपडे धुवायच्या दगडावर बसले होते. त्यांना धाप लागलेली नव्हती, हे बाईंनी सगळ्यात आधी पाहिलं.

“जिना कसा उतरलात?”

“पायांनी.”

“कुणाला विचारून?”

“डॉक्टरांना. त्यांनी ‘चालू करा’ म्हटलं तेव्हा मीही तिथेच होतो. ऑपरेशन छातीचं होतं, कानांचं नव्हतं.”

“आणि चक्कर आली असती म्हणजे? मी घरात नाही, दाराला कडी, कुणाला पत्ता नाही...” बाईंना मध्येच तो दुसरा हात आठवला. “झाडाला हात का लावला होतात?”

साहेबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. हा माणूस बसचा आरसा फोडून डेपोत परतला होता तेव्हाही असा दिसला नव्हता.

“ओढून बघितलं,” ते म्हणाले.

“काय केलंत?”

“ओढून बघितलं जरा. राहवेना. दिवसभर ती पानं बघायची आणि खाली काय आहे ते माहीत नाही. म्हटलं एकदाच.”

“मला स्टुलावरून उतरवलंत. मला सांगितलंत, हात लावायचा नाही. आणि मी चार गोळ्या आणायला गेले तर तुम्ही... मुळं तुटली असती म्हणजे? कोवळी असतात ती. केसासारखी. तो माणूस सांगून सांगून थकला.”

“हो.”

“हो काय? हाताला काही जोर आलाय की नाही याचाही पत्ता नाही, आणि निघाले ओढायला.”

“हो,” साहेब पुन्हा म्हणाले.

बाई आणखी पुष्कळ बोलणार होत्या. शब्दही तयार होते. त्या डब्याकडे वळल्या. फांदी होती तिथेच होती, सुतळीची गाठ होती तशी होती, दोन्ही पानं उन्हात ताठ. माती हललेली दिसत नव्हती. बाईंनी हात मागे बांधले. मग, साहेबांकडे न बघता, त्यांनी हळू आवाजात विचारलं,

“आलं नाही ना हातात?”

“नाही.”

“हललं?”

“नाही. घट्ट आहे.”

“किती घट्ट?”

साहेबांनी विचार केला. “ते असं बोलून नाही सांगता येत,” ते म्हणाले. “हात दे इकडे.”

बाईंनी हात पुढे केला. साहेबांनी त्यांचं एक बोट मुठीत धरलं, आधी नुसतं धरलं, मग वर ओढायला लागले. हिसका नाही, सावकाश, गिअर टाकल्यासारखं. ओढ बोटातून मनगटात आली, मनगटातून कोपरात, आणि खांद्यापर्यंत पोचली तेव्हा बाईंना पाय रोवून उभं राहावं लागलं. मूठ गरम होती आणि सुटत नव्हती.

“एवढं?”

“एवढं.”

“आणि आलं नाही?”

“नाही आलं.”

बाईंनी बोट सोडवून घेतलं नाही.

“परत एकदा दाखवा,” त्या म्हणाल्या.